सहावं पान

कागद समरकंदचा. हकीम रुकनुद्दीन म्हणाले, जपून,
यातल्या दहा पानांना एक मेंढा पडतो.
अकीकाने घोटून घोटून मी तो असा केला
की माशी बसली तर घसरावी.

समोर जुनी प्रत. ती तिच्याहून जुन्या प्रतीवरून काढलेली,
आणि ती कशावरून, तर हकीमांनी नुसता हात हलवला,
बुखाऱ्याकडे की बगदादकडे, कळलं नाही.
माणूस उघडून कुणी पाहिला होता
हे विचारायची यझ्दमध्ये पद्धत नव्हती.

बेडकासारखा बसलेला माणूस. गुडघे बाहेर, पंजे मांड्यांवर.
पहिला हाडांचा. पाठमोरा,
आणि मान इतकी मागे टाकलेली की हनुवटी वर, डोळे खाली.
असा का, विचारलं. कवटीचे सांधे दिसावेत म्हणून, म्हणाले.
त्या रात्री मला वाटत राहिलं, तो बघतोय,
विहिरीत पडलेला वर बघतो तसा.

जुन्या प्रतीतले गुडघे मला पटेनात.
बिजनला बसवलं. माझा शागीर्द, चौदाचा,
लाख कुटून कुटून बोटं कायमची लाल.
आधी हसत होता. मग कण्हायला लागला.
मग ओरडला, उस्ताद, मुंग्या आल्या!
हलू नकोस. कुठून कुठवर, बोटाने दाखव.
कुल्ल्यापासून, मांडीच्या मागून, पोटरीवरून घोट्यापर्यंत
लाल बोट उतरत गेलं
आणि त्याच्यामागून माझा कुंचला.
जुन्या प्रतीत ती रेघ गुडघ्याशीच थांबली होती.

शिरांना किरमानची नीळ. धमन्यांना लाख,
हिंदुस्थानातून होर्मुझला, तिथून उंटावर.
यकृताला पाच पाकळ्या, कारण पाच लिहिल्यात.

सहावं चित्र गरोदर बाईचं.
आकृती तीच, हकीम म्हणाले, फक्त पोट भर.
पोटात मूल, ताठ बसलेलं, गालांना हात लावून,
दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघावी तसं.
काढलं.

गुलअंदाम सुईण शाईसाठी डाळिंबाची सालं घेऊन यायची.
तिने पाहिलं आणि टोपली खाली ठेवून हसली.
ही कुठली बाई? हा तर तुझा बिजन,
रांजण गिळलेला!
मग हसू मावळलं. ओल्या रंगाला न लावता
तिने मुलाच्या डोक्यावर बोट धरलं.
हे असं बसून राहिलं ना, की मलाही रात्रभर बसावं लागतं.
पहाटे दोघांतलं एक उरतं. कधी तेही नाही.
पान उचललं, फिरवलं, परत ठेवलं.
हं. आता येईल.

बाई डोक्यावर उभी. मूल वाटेला लागलेलं.

हकीमांना सांगितलं. माणूस वाईट नव्हता.
म्हणाले, सुईणीच्या हाताला डोळे असतात,
हस्ताक्षर नसतं. ग्रंथात आहे तसं राहू दे.
राहू दिलं. एक रेघ हलवली नाही.
फक्त, पुढच्या पानाचा पहिला शब्द
बांधणाऱ्यासाठी तळाशी लिहितात,
तो मी वरच्या कडेला लिहिला. उलटा.
जिल्दसाज फरामर्झला चित्रं दिसत नव्हती, मोतीबिंदू,
शब्द डोळ्यांपाशी नेऊन वाचायचा आणि शिवायचा.
शिवलं.

बिजन पुढच्या वसंतात फौजेबरोबर गेला,
हाडं बसवणाऱ्याची पिशवी खांद्याला लावून.
निरोप नाही. सहाही माणसांचे गुडघे त्याचे आहेत.
पहिल्या पानावर मी या कबीकज लिहून ठेवलंय,
कसरीने निदान तेवढे तरी सोडावेत म्हणून.

शिकायला येणारी पोरं सहाव्या पानाशी अडतात,
ग्रंथ फिरवतात. हकीम म्हणतात, जिल्दसाज आंधळा.
मी म्हणतो, हो.
काल एकाने फिरवलाच नाही. स्वतःची मानच वळवत गेला,
मागे, आणखी मागे, हनुवटी वर, डोळे खाली,
आणि तसाच बघत राहिला कितीतरी वेळ.
मी रंग कुटायचा थांबलो.